पऱ्हाटीचा वानवळा

आमच्या रानातली पऱ्हाटी आमची नव्हती. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. रान आमचं, बियाणं आमचं, खत-औषध आमचं, कापूस तर आमचाच; पण वेचणी संपल्यावर रानात जी वाळकी झाडं उभी राहतात, ती मावशीची.

मावशी आमच्या नात्यातली नाही. ओढ्यापलीकडे राहते आणि अख्खं गाव तिला मावशीच म्हणतं. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात, शिमग्याच्या पुढेमागे परत येतात. आले की अंगाचा शीण जायच्या आत दोघं आमच्या रानात हजर. मावशीचा चिमटा वर्षभर आमच्याच गोठ्यात आढ्याला अडकवलेला असायचा. लांब दांड्याचा, लोखंडी. झाड अगदी बुडाशी चिमट्यात धरायचं, दांड्यावर अंगाचा भार टाकायचा, की झाड मुळासकट वर येतं. जो उपटेल त्यानं पऱ्हाटी न्यायची, ही वडलांच्या वेळेपासूनची रीत. आम्हाला रान मोकळं मिळायचं आणि मावशीला वर्षाचं जळण. मध्ये ना मजुरी, ना उपकार.

शेवटची खेप घरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक मोळी उभी दिसायची. सरळ, सारख्या जाडीच्या काड्या निवडून घट्ट बांधलेली. तो वानवळा. आपल्याकडं रानात काही नवं आलं, हुरडा म्हणा, शेंगा म्हणा, की त्यातलं थोडं शेजारीपाजारी द्यायची पद्धत आहे. तसा मावशी आम्हाला आमच्याच रानातल्या पऱ्हाटीचा वानवळा द्यायची. लग्नानंतर पहिल्या साली माझी बायको त्यावर खूप हसली होती आणि मीही तिच्या जोडीनं हसून घेतलं होतं. माय मात्र म्हणाली, "हसू नगा. ज्याचं असतंय त्यालाच वानवळा देता येतोय."

माय त्या मोळीवर अंघोळीचं पाणी तापवायची. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, पण गॅसवरच्या पाण्याला ती पाणीच धरत नाही. "ते नुसतंच तापतंय, अंगाला लागत न्हाई," असं तिचं म्हणणं. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी घातला आहे.

गेल्या साली दिवाळी झाल्यावर गावात कार्बनवाले आले. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, पण गावानं पहिल्या दिवशीच त्यांना कार्बनवाले करून टाकलं. मारुतीच्या पारावर बैठक झाली. एक तरुण मॅडम आल्या होत्या, बोलायला साध्या, धुळीनं माखल्या होत्या तरी हसून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही पऱ्हाटी बांधावर पेटवता, त्या धुरानं हवा तापते. ती न जाळता मशीननं बारीक कुट्टी करून मातीत मिसळा, म्हणजे कर्ब मातीत राहील, रान भुसभुशीत होईल, आणि वर त्याचे पैसेही मिळतील.

"म्हंजी न जाळल्याचे पैसे?" माझ्या चुलत्यानं विचारलं.

"हो काका."

"मग मी लहानपणापासून कितीतरी गोष्टी जाळल्या न्हाईत," चुलते म्हणाले आणि पार हसला. मॅडमही हसल्या.

मला ती योजना पटली. आजही पटते. आमच्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी कुठंही उभं राहा, चारी बाजूंनी धूर दिसतो. माती दगडासारखी झालेली, एक पाऊस चुकला की पीक मान टाकतं. मातीत काहीतरी परत घातलं पाहिजे हे कळायला मॅडमची गरज नव्हती, पण कुणीतरी मशीन घेऊन दारात येईपर्यंत आपण हलत नाही. मी पहिल्या झटक्यात हात वर केला.

माय बायकांमध्ये ओट्यावर बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "आन् चुलीत घातलेली पऱ्हाटी चालती का?"

मॅडमनी नीट उत्तर दिलं. घरच्या चुलीचं आम्ही मोजत नाही, आजी, म्हणाल्या. पण जानेवारी संपायच्या आत रानातली झाडं निघाली पाहिजेत, बोंडअळी रोखायलाही ते बरं, आणि ज्या तुकड्यात कुट्टी झाली नाही तो तुकडा योजनेत धरता येणार नाही.

"ती माणसं उसाला गेल्यात," माय म्हणाली. "शिमग्याला येतेत."

कोणती माणसं, हे मॅडमना कळलं नाही. गावाला कळलं, पण गाव गप्प बसलं. मीही बसलो. ज्याच्या नावावर रान त्याला विचारायला माणसं आली होती, आणि जिच्या नावावर नुसती पऱ्हाटी होती तिला विचारायची कुठं सोय नव्हती. यात मॅडमची चूक आहे असं मला वाटत नाही. आमच्या गावातली रीत त्यांच्या मोबाइलमध्ये कशी असेल?

घरी आल्यावर माय म्हणाली, "तिला फोन लाव."

"कशाला?"

"तिच्या मालाला हात लावतूस, तर इचारशील का न्हाई?"

माझा राग नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याच रानातल्या काड्या कुटायला मी परवानगी मागायची, म्हणजे उद्या चिमणीला विचारून कणसं मोडायची, असं काहीबाही मी बोललो. माय ऐकून घेत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं फोन उचलून माझ्या हातात दिला.

मावशी तेव्हा कुठंतरी लांब कर्नाटकच्या अंगाला उसाच्या फडात होती. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "दादा, बोला की. आक्का बरी हाय का?" मायला ती आक्का म्हणते. मी अडखळत योजना सांगितली. माती, मशीन, कर्ब, सगळं. 

"घाला की मशीन," ती म्हणाली. "रान तुमचं हाय."

"तुमचं जळण?"

"बघू की. हायेत की बाभळी."

मग तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, की धाकटीला दिवस गेले आहेत, पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला माहेरी येणार आहे, शिमग्यानंतर कधीही. मी फोन ठेवला आणि मायला म्हणालो, हो म्हणाली ती.

"पोरीचं काय म्हणली?"

मी सांगितलं. मायनं कपाळाला हात लावला. आमच्याकडं बाळंतीण घरी आली की तिच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. दोन वेळेला शेक, दोन वेळेला कढत पाणी, बाळाची धुरी वेगळी. डॉक्टर धुराला नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, तरी निखारा तर लागतोच. महिना-सव्वा महिना चूल विझत नाही. वर्षाचं जळण तेवढ्यात संपतं. मुलीचं पहिलं बाळंतपण आईच्या दारी, आणि दारात जळण नाही, ही कुठल्याही आईला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे.

मी म्हणालो, "मी तिला सिलिंडर भरून देतो."

"बाजंखाली शिलिंडर लावतूस का?" मायनं विचारलं.

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी मी वडवणीच्या बाजारातून परत आलो तर घरात कुणी नाही. गोठ्यात गेलो, तर आढ्याचा चिमटा जाग्यावर नव्हता. रानात गेलो. बांधाकडच्या तुकड्यात माझी आई, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याला तेल चोळल्याशिवाय जिला उठवत नाही ती, चिमट्याच्या दांड्याला लोंबकळत होती. शेजारी माझी बायको हातांना फडकी गुंडाळून झाडं ओढत होती. दोघींनी मिळून जेमतेम एक कोपरा मोकळा केला होता.

"माय, वेड लागलं का?"

"मशीन यायच्या आत हेवढा तुकडा उपटायचा," ती म्हणाली. "मंग त्या पोरीला सांग, हेवढा धरू नगं म्हणावं."

मी तिच्यावर ओरडलो. रानाच्या मध्यात उभं राहून, चांगला मोठ्यानं. ती शांतपणे दांड्यावर भार देत राहिली. झाड कचकन मधनंच मोडलं आणि ती मागं तोल जाऊन ढेकळात बसली. मी धावत गेलो. लागलं नव्हतं. ती हसत होती. तिचे तळहात सोलवटून लाल झाले होते आणि ते बघून माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी तिच्या हातातून चिमटा घेतला.

मावशी आणि तिचा नवरा हे काम इतक्या सहज करत की मला ते काम वाटलंच नव्हतं. जानेवारीची वाळलेली जमीन, मुळं घट्ट धरून बसलेली. मी जोर लावला की झाड मोडायचं, मूळ खालीच. चुलते बांधावरून जाताना थांबले, बघितलं आणि म्हणाले, "कावून रं, मशीन रुसलं का?" मी दांडा दाबत राहिलो. मशीन यायच्या आदल्या संध्याकाळी तो तुकडा संपला. ट्रॅक्टरनं पऱ्हाटी मावशीच्या घरी नेली, कुलूप लावलेल्या दाराजवळ भिंतीला लावून नीट रचली. मॅडमनी तो तुकडा योजनेतून वजा केला, कारण विचारलं, मी सांगितलं. त्या मोकळ्या तुकड्याकडं बघून म्हणाल्या, हे मी वर सांगून बघते. त्यांनी सांगितलं असेल याची मला खात्री आहे.

बाकीच्या रानात मशीन फिरलं. कुट्टी मातीत गेली.

शिमग्याच्या आधी मावशी आली. दुपारीच आमच्या घरी. उसाच्या पाल्यानं चिरलेले हात, उन्हानं काळवंडलेला चेहरा. मायनं तिला चहा केला. ती ओसरीवर खांबाला टेकून बसली आणि चहाकडं न बघता म्हणाली, "आक्का, माझ्या दारात जळण कुणी टाकलं?"

"मी."

"उपटलं कुणी?"

"ह्यानं, सुनंनं. थोडं मी."

"मग ते तुमचं हाय," मावशी म्हणाली. "माझं कसं?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, मावशी, राहू द्या की, पोरीचं बाळंतपण आहे, आम्ही काय परके आहोत का? बोलताना मला वाटत होतं मी फार चांगलं बोलतोय. तिनं माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, पण मला बसल्या जागी लहान झाल्यासारखं वाटलं.

"दादा, आजवर आमी उपटून नेली. मागून न्हाई नेली."

माय म्हणाली, "अगं, सावड समज. आज मी तुझ्यासाठी राबले, उंद्या तू माझ्यासाठी."

सावड म्हणजे एकमेकांच्या कामाची फेड, आमच्याकडं सगळे करतात. मावशी हसली, पण ते हसू लगेच मावळलं. "मशीन घातलेल्या रानात माझी कसली सावड, आक्का? कशानं फेडू?"

मायनं कप तिच्याकडं सरकवला.  चहा तसाच राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. तो ढीग मावशीच्या दारात होता तसा उभा. त्याला तिनं हात लावला नाही. ओढ्यातली वेडी बाभळ तोडून काट्याकुट्यावर ती स्वयंपाक करायची. तिची लेक आली, पोट घेऊन सावकाश चालताना दिसायची. माय रोज मला विचारायची, "हलला का ढीग?" मी रोज मान हलवायचो. मायनं अंघोळीला गॅसवरचं पाणी घ्यायला सुरुवात केली आणि तक्रार केली नाही, तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

मग एका सकाळी मी रानात गेलो तर बांधाकडच्या तुकड्यात दोन माणसं वाकलेली. मावशी आणि तिचा नवरा. गोठ्यातला चिमटा तिच्या हातात होता. आम्ही उपटलेल्या तुकड्यात जागोजागी खुंट राहिले होते, कुठं वीतभर, कुठं मातीलगत. नांगर घातला असता तर फाळच अडकला असता. मावशी एकेक खुंट बुडाशी धरत होती, दांडा दाबत होती आणि मूळ सुटून वर येत होतं. मागं खुंटांची रास पडली होती.

मला बघून तिनं दांडा सोडला. "दादा, ह्याला उपटणं म्हणत्यात व्हय? उंदरानं कुरतडल्यावानी करून ठेवलंय."

"आम्हाला कुठं येतं?"

"लई वंगाळ काम. आक्काला सांगा, तुमची सावड अर्धीच झालती. बाकीची आमी केली."

तिचा नवरा फार बोलत नाही. तोही पाठ सरळ करत हसला. मी तिथंच बांधावर बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी चपलेतली माती झाडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायला माय माझ्याआधी उठली होती. दाराला टेकून मोळी उभी होती. सरळ, सारख्या जाडीच्या काड्या, घट्ट बांधलेली. माय तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली होती, एक हात मोळीवर ठेवून.  ढीग मावशीचा झाला होता.

लेक वडवणीच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. ती घरी आल्यावर माय बघायला गेली तेव्हा मीही गेलो. खोलीत उबदार वास होता, बाजेखाली शेगडीत निखारे, बाळ कपड्यात गुंडाळलेलं. "आमच्या रानाची ऊब हाय ती," माय बाळाला म्हणाली, आणि लगेच मावशीकडं बघून सुधारलं, "तुझ्या रानाची."

पाऊसकाळात कुट्टी घातलेल्या रानात खरंच फरक दिसला. ओल जास्त दिवस टिकली, हातात घेतली तर माती मऊ लागायची, गांडुळं दिसली. योजनेचे पैसेही आले. मी ते घेतले आणि मला त्याची लाज वाटत नाही. गावातले बाकीचेही घेतात. पण ओढ्यापलीकडं गेलं की आता प्रत्येक घराच्या बाजूला पूर्वी असायचा तो पऱ्हाटीचा ढीग नसतो. त्या बायका बाभळीमागं लांब लांब हिंडतात. काहींनी सिलिंडर भरून आणायला सुरुवात केली आहे, तेवढ्यासाठी यंदा उसाला एक महिना जास्त थांबणार म्हणतात. हवा निवळली असेल तर त्यात त्यांचाही वाटा आहे, एवढं मला माहीत आहे. तो त्यांना कुणी विचारून घेतलेला नाही.

ती मोळी मायनं जाळली नाही. न्हाणीमागं, पावसाचं पाणी लागणार नाही अशी उभी करून ठेवली. मी एकदा म्हणालो, माय, वाळवी लागेल, घाल की बंबात.

"पुढल्या साली कुठनं आणील ती?" माय म्हणाली.

 दसरा जवळ आला तेव्हा मी मॅडमना फोन करून सांगितलं, की बांधाकडचा तुकडा यंदाही धरू नका, तिथली पऱ्हाटी आमची नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. चुलत्यांनीही त्यांचा एक कोपरा सोडला आहे, मला चिडवून झाल्यावर. बोंडअळीमुळं झाडं शिमग्यापर्यंत उभी ठेवता येत नाहीत, म्हणून जानेवारीत मी आणि बायको उपटणार. खुंट मात्र मागं राहतीलच. आम्हाला कुठं नीट उपटता येतं?

परवा मावशी उसाला जायला निघाली, तेव्हा चिमटा गोठ्यात अडकवून गेली. संध्याकाळी मी मायला पुन्हा विचारलं, आता तरी जाळायची का ती मोळी. तिनं न्हाणीमागं जाऊन मोळीचा बंध जरा आवळला.

"शिमगा होऊ दे," म्हणाली.